शेवटचं 'मेंते' कापा

इंग्रजी क्रियाविशेषणांच्या बाबतीत अख्ख्या साल्तो गावात आपला हात धरणारा कोणी नाही, असं वाल्देमार तेचेरा सर स्वतःच सांगत. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत एकच युक्ती शिकवली होती: स्पॅनिश शब्दाच्या शेवटचं 'मेंते' कापा, तिथं 'ली' चिकटवा, झालं इंग्रजी.

म्हणूनच मिर्ताला त्यांचंच शिफारसपत्र हवं होतं. सरांच्या आईला तिनं सहा वर्षं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळलं होतं. आता आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरीची जागा निघाली होती. त्याच गावात तिची लेक राहायची, आणि लेकीच्या बाळाला मिर्तानं अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

सरांनी स्तुती करताना हात सैल सोडला. साल्तोत एखादं काम झकास झालं की लोक 'बार्बारो' म्हणतात. त्याहून झकास झालं तर 'ब्रुताल'. सरांनी दोन्हींच्या क्रियाविशेषणांचं 'मेंते' कापलं, 'ली' चिकटवलं आणि लिहिलं, की मिर्तानं माझ्या आईला 'बार्बरसली' सांभाळलं, 'ब्रूटली' भरवलं, आणि शेवटी आई तिच्याच हातून गेली.

चौथ्या दिवशी आश्रमाच्या संचालिकाबाईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मिर्ता शेजारीच बसली होती. बाईंनी आधी सरांचं सांत्वन केलं, मग हळूच विचारलं, की पोलिसांत तक्रार केली होती का? सर चक्रावले. तेव्हा बाईंनी समजावलं, की इंग्रजीत या शब्दांचा अर्थ रानटीपणे आणि निर्दयपणे असा होतो.

सर फोनवरच ओरडले, "अहो बाई, ती स्तुती आहे! आमच्या गावात चांगल्या कामाला असंच म्हणतात."



"मग आमची म्हातारी माणसं तुमच्या गावापासून लांबच बरी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

 बाळासाठी विणत आणलेलं टोपडं मिर्तानं पिशवीत कोंबलं आणि ती घरी गेली. सरांनी आश्रमाला आणखी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग त्यांनी अंथरूण धरलं. आपण हेच हजारभर मुलांना शिकवलं, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

आठव्या दिवशी मिर्ता सूपचा वाडगा घेऊन दारात उभी राहिली. सरांचे डोळे भरून आले.

"माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं, आणि तू मलाच भरवायला आलीस?"

"तोंड उघडा, सर," ती म्हणाली. "बार्बरसली भरवते."

सरांनी कृतज्ञतेनं तोंड उघडलं. पहिल्याच चमच्याला जीभ पोळली, तेव्हा त्यांना कळलं, की मिर्ताचं इंग्रजी सुधारलंय.