एका त्रस्त नागरिकाची समजूत

बागेतल्या खेळाच्या मैदानाचं कुलूप निघावं म्हणून भूमितीच्या निवृत्त मास्तरांनी दोन वर्षांत एकेचाळीस अर्ज केले. मैदान एका क्लबाच्या ताब्यात होतं. सभासद वर्षातून दोनदा खेळत आणि उरलेले दिवस कुलूप सांभाळत. बेचाळिसाव्या अर्जाला उद्यान विभाग कंटाळला आणि मैदान सगळ्यांना खुलं झालं. फीत मास्तरांनीच कापली. देखरेख समितीवरही त्यांना घेतलं.

घरी येऊन ते बायकोला सांगू लागले, की आता गॅलरीतून मुलं, बायका, म्हातारे, सगळे खेळताना दिसतील.

"ऐकूही येतील," बायको म्हणाली.

पहिल्या आठवड्यात चेंडू गॅलरीत तीनदा आला. चौथ्यांदा तो चहाच्या कपावर आला आणि पाचव्यांदा काच फोडून थेट पलंगावर, मास्तरांच्या दुपारच्या झोपेत. दर वेळी खेळणारे वर येत, माफी मागत आणि तुमच्यामुळेच खेळायला मिळतंय असं इतकं मनापासून सांगत, की मास्तरांना रागवायला तोंडच उरत नसे. शेवटी त्यांनी गॅलरीला जाळी लावली. आपल्या नेमबाजीची सोय केली असं समजून लोक आणखी खूश झाले.

मग मास्तरांनी डाव्या हातानं एक निनावी तक्रार लिहिली. मैदान दुपारी बंद ठेवावं. खाली सही, 'एक त्रस्त नागरिक'.

आठ दिवसांनी विभागाचं पाकीट घरी आलं. आत तीच तक्रार. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, की आपण समितीचे सभासद आहात आणि मैदानालगतच राहता, तरी या इसमाचा शोध घेऊन अहवाल द्यावा.

बायकोनं तक्रार दोनदा वाचली.

"अक्षर ओळखू येत नाही," ती म्हणाली, "पण 'यावरून सिद्ध होते की' असं लिहिणारा माणूस मला माहीत आहे."

मास्तरांनी कागद ओढला आणि लिहिलं, की तक्रारदार भेटला, त्याची समजूत घातली. माणूस मनानं वाईट नाही, हे वाक्य बायकोनं घालायला लावलं.

तक्रार इतक्या झटपट मिटलेली विभागानं कधी पाहिली नव्हती. लोकांची काहीच हरकत नाही असं धरून त्यांनी मैदानाची वेळ संध्याकाळी आणखी दोन तास वाढवली.

मास्तर तरातरा खाली गेले. निदान आरडाओरडा तरी आवरा, असं त्यांना सांगायचं होतं. पण आरडाओरडा चालला होता तो चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, यावर. रेषेचा प्रश्न म्हटल्यावर मास्तरांना राहवेना. त्यांनी वाकून पाहिलं, निकाल दिला, आणि दोन्ही बाजूंनी तो मुकाट्यानं मानला. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा वर्ग त्यांना मिळाला नव्हता. कुणीतरी त्यांच्या हातात शिट्टी ठेवली. त्या दिवसापासून ते रोज जाऊ लागले.

पंधरवड्यानं खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांचे डोळे अधू होते पण कान शाबूत होते, मास्तरांकडे आल्या.

"तुम्ही समितीवर आहात म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्यांचा मला काही त्रास नाही. पण तो शिट्टी फुंकणारा कोण आहे, त्याला जरा खडसवा."