एका मुद्द्याचा फरक

निर्णय चुकायचा असेल, तर तो आधी घ्यावा लागतो. हे साधं सत्य ज्या घराण्यांना वेळीच उमगलं, त्यांच्यात आजवर एकही निर्णय चुकलेला नाही. आमचं घराणं त्यांपैकी एक आहे, हे नमूद करताना मला संकोच वाटत नाही. (संकोच वाटावा की नाही यावर मध्यंतरी चर्चा झाली होती. ती अपुरी राहिली.)

प्रस्तुत प्रकरण माझ्या पुतणीचं आहे. अकाउंटन्सीच्या परीक्षेचे तीन टप्पे असतात, त्यातला पहिला ती पास झाली आणि घरात पेढे यायच्या आधी प्रश्न आला. दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास नोकरी करत करावा, की घरी बसून नुसता अभ्यासच करावा? इतर लोक हा प्रश्न कसा सोडवतात याची मी जातीने पाहणी केली. (व्याप्ती: आमची इमारत आणि समोरची.) शंभरातले एकेचाळीस जण नोकरी करतात आणि अभ्यास चालू असल्याचं सांगतात. सदतीस जण अभ्यास करतात आणि नोकरी शोधत असल्याचं सांगतात. वीस जण दोन्ही करतात, पण ते कधी घरी सापडत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत घेता आलं नाही. उरलेले दोन आमच्या घरातले. त्यातली एक पुतणी, दुसरा मी.

आमच्या घरात निर्णयाची पद्धत आहे, आणि ती माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे पुतणीच्या वडिलांनी घालून दिलेली आहे. दादा प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात मुख्य हिशेबनीस आहे. एकतीस वर्षांत त्याने एकही तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज पडताळायचा कागद, न जुळवता सोडलेला नाही. घरीही तो कपाटाची दोन्ही दारं एकदम उघडतो. एकदा त्याचा एक मोजा हरवला, तर सबंध घर नऊ दिवस पलंगाखाली होतं. दहाव्या दिवशी दुसराही मोजा हरवला, दोन्ही बाजू जुळल्या आणि प्रकरण बंद झालं.

तर पद्धत अशी. कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे फायदे लिहायचे, उजवीकडे तोटे. जगात कुठलाही फायदा तोट्याशिवाय येत नाही. प्रत्येक नोंदीला उलट नोंद असतेच, त्यामुळे दोन्हीकडचे मुद्दे सारखे भरले पाहिजेत. हिशेबाचा गंध नसलेला माणूस एक बाजू जड झाली की म्हणेल, चला, उत्तर मिळालं. दादा तसं म्हणत नाही. फरक आला म्हणजे कुठेतरी नोंद राहून गेली, ती शोधा, असं तो म्हणतो, आणि चष्मा पुसायला घेतो. मी कुटुंबाचा चिटणीस असल्यामुळे इतिवृत्त आणि फायली माझ्याकडे असतात.

बुधवारी पुतणी बातमी घेऊन आली. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांत एक ऑडिटवाल्या बाई बसतात. त्यांची एक मदतनीस परीक्षा पास होऊन गेली, तिच्या आधीचीही पास होऊनच गेली होती. बाई कामही देतात आणि संध्याकाळी अर्धा तास शिकवतातही. वेळ दहा ते पाच, परीक्षेआधी दीड महिना सुटी. सोमवारी दहाला ये, खुर्ची तुझी, नाहीतर मंगळवारी दुसरी मुलगी बसेल, एवढं बाई म्हणाल्या. अर्ज मागितला नाही, शिफारसपत्र मागितलं नाही. इतक्या बेजबाबदारपणे माणूस नेमणाऱ्या बाई ऑडिट कसलं करत असतील, अशी शंका दादाने नोंदवायला सांगितली, ती मी नोंदवली. अशी जागा पुन्हा कधी निघेल, असं विचारल्यावर पुतणी म्हणाली की मागची तीन वर्षांनी निघाली होती.

गुरुवारी जेवणाच्या टेबलावर पहिली यादी झाली. फायदे चौदा भरले, तोटे दहा. चार तोटे कुठे गेले? सगळे कामाला लागलो, आणि ताटं वाढायच्या आत चारही सापडले, ते असे:

अकरा, ऑफिसच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे.

बारा, बाई मोठ्याने शिंकतात (ऐकीव माहिती).

तेरा, चष्म्याच्या दुकानावरून रोज गेल्याने आपला नंबर वाढला असं वाटू लागेल.

चौदा, डबा न्यावा लागेल आणि त्याचं झाकण हरवेल.

झाकण अजून हरवलेलं नाही, असं वहिनींचं म्हणणं पडलं. त्यावर दादाने शांतपणे समजावलं की बुडीत झाकणांची तरतूद आधीच करायची असते, झाकण गेल्यावर करतो तो हिशेबनीस नव्हे. चौदाला चौदा झाले. दादाने खाली तांबड्या पेनाने दोन रेघा ओढल्या आणि बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त जेवला.

"मग जाऊ की नको?" पुतणीने विचारलं.

"जुळलंय की," दादा म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

इथे हे प्रकरण रीतसर मिटायला हवं होतं. पण वहिनी शिवणकाम करतात, आणि शिवणाऱ्या माणसाला उसवलेलं लांबून दिसतं. शुक्रवारी मशीनवर बसल्या बसल्या, पायडल न थांबवता त्या म्हणाल्या, "त्या कागदावर एक राहिलंय. पोरीला जायचंय, ते कुठं लिहिलंय?"

आम्ही कागद पाहिला. खरंच लिहिलं नव्हतं. जिन्याचा कठडा होता, शिंक होती, मुलीचं मन नव्हतं. दादा हट्टी असेल, पण लबाड नाही. त्याने तांबड्या रेघा खोडल्या आणि डावीकडे स्वच्छ अक्षरात लिहिलं: पंधरा, मुलीला जावंसं वाटतं. पंधरा विरुद्ध चौदा. एका मुद्द्याचा फरक पडला.

मग या पंधराव्या मुद्द्याची उलट नोंद शोधायला सुरुवात झाली, आणि ती काही केल्या सापडेना. ‘मुलीला जावंसं वाटत नाही’ असं लिहून पाहिलं, पण ते खोटं असल्यामुळे बाद झालं. ‘वडिलांना ती जावी असं वाटत नाही’ हा मुद्दा मी सुचवला. दादाने पाच मिनिटं विचार केला आणि खालच्या आवाजात कबूल केलं की त्यालाही ती जावी असंच वाटतं. पण ते लिहिलं तर फरक दोनाचा होईल, म्हणून हे इतिवृत्तात घेऊ नये असं त्याने मला सुचवलं. (घेतलेलं नाही.)

शनिवारचा सगळा दिवस शोधात गेला. दादा अंघोळीला गेला तरी आतून मुद्दे सांगत होता, त्यातला एकही कामाचा निघाला नाही. संध्याकाळी मी, बढाई म्हणून सांगत नाही, तोडगा काढला. कुठल्याही कचेरीत जो फरक सापडत नाही, तो तात्पुरता एका खात्यात टाकून ठेवतात. त्याला उचंत खातं म्हणतात. फरक सापडला की तो तिथून काढायचा, तोवर तिथे सुखाने पडू द्यायचा. पंधरावा मुद्दा उचंत खात्यात टाकला की चौदाला चौदा. दादाने मला मिठी मारली नाही, पण स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला. मग सोमवारचं काय, असं पुतणीने विचारलं. सोमवारचंही त्याच खात्यात, असं मी सांगितलं, आणि हे उत्तर मला त्या वेळी अतिशय समाधानकारक वाटलं.

रविवारी सकाळी ती माझ्या खोलीत आली. "काका, तुमची फाईल दाखवता?"

माझी फाईल आमच्या घराण्यातली आदर्श फाईल आहे, पाहुण्यांनाही दाखवतो. बावीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न, हीच परीक्षा, हाच दुसरा टप्पा माझ्यापुढे होता. मलाही एका ठिकाणाहून बोलावणं आलं होतं. माझ्या यादीत एकोणीस फायदे आणि एकोणीस तोटे आहेत, आणि अक्षर असं की छापल्यासारखं. यादी इतकी बरोबर जुळली होती की कुठेच जावं लागलं नाही. नोकरी राहिली, मग अभ्यासही राहिला. पुढे दादाने मला बादल्यांच्या कारखान्यात गोदामावर लावून दिलं. तिथे मी बादल्या आणि त्यांच्या कड्या मोजून जुळवतो, आणि त्या जुळतात.

पुतणीने माझी यादी खिडकीशी उजेडात धरली. डावीकडच्या एकोणिसाव्या मुद्द्याच्या खाली खोडलेलं होतं. मी शाई गिरवून गिरवून खोडलं होतं, पण बावीस वर्षांपूर्वी मी पेन फार दाबून लिहायचो. तिने कागद उलटा केला, मागून बोट फिरवलं आणि वाचलं: वीस, मला हे काम मनापासून आवडेल.

"हा का खोडलात?"

"जुळत नव्हतं गं," मी म्हणालो.

कागदाच्या जुन्या घड्या होत्या तशाच घालून तिने तो परत दिला. इतक्या वर्षांत मला कधी वाईट वाटलं नाही असं मी इथे लिहिणार होतो, पण त्या दिवशी वाटलं. फाईल कपाटात ठेवायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी पुतणी चपला घालायला लागली. वहिनींनी डब्याच्या झाकणाला इलॅस्टिक शिवून टाकलं होतं. दादा कागद पुढे घेऊन बसला होता.

"बाबा, एकाचा फरक आहे. तसाच राहू दे," ती म्हणाली.

"अगं, तेरीज उघडी टाकून कुणी बाहेर पडतं का?" दादा म्हणाला. ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, तसा तो उठून दारापर्यंत गेला. "पोचलीस की फोन कर."

संध्याकाळी तिने येऊन सांगितलेलं मी जसंच्या तसं नोंदवतो. बाईंनी तिच्यापुढे पावत्यांचा गठ्ठा ठेवला आणि एकच सूचना दिली. फरक निघाला तर ‘फरक’ असं लिहून माझ्याकडे आण, घाबरू नकोस. ज्या वह्या फार सुंदर जुळतात, त्या मी आधी उघडते. दादा हे ऐकत ताटात बोट फिरवत राहिला, आणि मग कारखान्यातल्या कुठल्याशा जुन्या वहीबद्दल पुटपुटत लवकर झोपायला गेला.

याला आता पावणेदोन वर्षं झाली. पुतणी दुसरा टप्पा पास झाली. एक पेपर दोनदा द्यावा लागला, पण तो तर दादालाही त्याच्या वेळी तीनदा द्यावा लागला होता. (ही माहिती वहिनींनी पुरवली.) तिसऱ्या महिन्यात डब्याचं झाकण इलॅस्टिकसकट हरवलं, आणि आपली तरतूद योग्य होती हे दादाने घरोघर जाऊन सांगितलं. बाई खरोखरच मोठ्याने शिंकतात. तो कागद अजून टेबलाच्या काचेखाली आहे, त्यावर ‘फरक: एक’ असं लिहिलेलं आहे. दादा रोज सकाळी चहा घेताना उजवीकडचा मुद्दा शोधतो. तो सापडला की पुतणीला नोकरीची परवानगी द्यायची, असं त्याने ठरवलं आहे.

पहिल्या पगाराच्या दिवशी पुतणीने माझ्यासाठीही त्या परीक्षेचा एक फॉर्म आणला. वयाची अट नसते म्हणाली. फी भरून झाली आहे, फक्त सही करायची आहे. फॉर्म मी व्यवस्थित फाईलला लावून ठेवला आहे, उचंत या सदराखाली.

आता तुम्ही. इथवर गालातल्या गालात हसत आलात ते मी पाहिलं. काय एकेक नमुने असतात, असंही म्हणालात. म्हणा की. पण आमच्याकडे निदान त्या खात्याला नाव आहे, पान आहे, चिटणीस आहे. तुमचं खातं नुसतं ‘बघू’ या एका शब्दावर चालतं. कुठला तरी क्लास, एक लिहायचं राहिलेलं पत्र, दुखरी दाढ, बहिणीला करायचा फोन, आणि सगळ्यांच्या तळाशी ते एक, जे तुम्हाला मनापासून आवडलं असतं. जुळत नव्हतं म्हणून खोडलंत ना? कागद उजेडाकडे धरा आणि मागून बोट फिरवून बघा. आत्ताच, हे पान मिटायच्या आधी.

काय म्हणालात? बघू?

हरकत नाही. नाव सांगा, फाईल उघडतो. माझ्या शेजारची जागा रिकामीच आहे.