दळवीकाकांची मडम

दळवीकाकांच्या घरात गणपतीशेजारी एका इंग्लिश बाईचा फोटो आहे. डोक्यावर परातीएवढी टोपी, टोपीवर पिसं. नवा पाहुणा हमखास विचारतो, "ह्या कोण हो?" काका फोटोचा हार सरळ करत म्हणतात, "आमची मडम. शंभर वर्षांपूर्वी वारली. अशी बाई पुन्हा होणे नाही!"

ही मडम कादंबऱ्या लिहायची. चाचे, तलवारी, प्रेम, सगळं एका पानात. इथे आखातात, मनामाच्या जुन्या बाजारात काकांना तिचं एक फाटकं पुस्तक मिळालं, त्यातलाच तो फोटो. काका हिद्दच्या बंदरावर कामगारांची बस चालवतात. इंग्रजी शिकले ते रस्त्यावरच्या पाट्या वाचून. त्या इंग्रजीवर पठ्ठ्याने अख्खी कादंबरी फस्त केली!

हमद टाउनात आमची भिंतीला भिंत. रोज संध्याकाळी काका कुडाळला काकींना फोन लावतात आणि कादंबरीचा पुढचा भाग सांगतात. मडमेची इझाबेला कुडाळला पोचेपर्यंत इसाबाई झाली. चार वर्षं हे चाललंय. आमची ही सुद्धा कुकर बंद करून ओरडते, "या लवकर, इसाबाई लागली!"

परवा चाच्यांनी इसाबाईचं जहाज अडवलं आणि त्यांच्या सरदाराने तिच्याकडे, इथे राहायला आम्हाला लागतं ते रेसिडेंट कार्ड मागितलं. कार्डाची मुदत संपलेली! मी कप खाली ठेवला. शंभर वर्षांपूर्वीच्या चाच्याला कसलं आलंय रेसिडेंट कार्ड?

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे जाऊन पुस्तकच उघडलं. शेवटच्या पानावर इसाबाई लग्न करून सुखाने नांदत होती.

"काका, हे केव्हाच संपलंय की!"

काकांचा चेहरा पडला. "तीन वर्षं झाली. पुढचं माझंच."

"मग सांगून टाका काकींना. खलास!"

"आणि मग बोलू काय? लग्न झालं नि मी इकडे आलो, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आधी फोनवर काय असायचं? जेवलीस? जेवले. ठेवू? ठेवा. इसाबाई आली आणि ती हसायला लागली रे. पुढच्या महिन्यात मी कायमचा घरी चाललोय. समोरासमोर बसून काय बोलायचं, तूच सांग."

तेवढ्यात काकींचाच फोन आला. गॅसवर भात उतू जात होता, म्हणून काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते आत धावले.

"ते खय गेले? भात बघूक? बरा झाला," काकी हळूच म्हणाल्या. "इसाबायचा लगीन कधीच झाला, माका म्हायत आसा. भाचयेन ता पुस्तक मोबायलार शोधून वाचून दाखयल्यान."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कित्याक बोलू? पुस्तकातली गोष्ट संपली, ह्यांची संपाक नाय. त्यांका सांगू नको हां. आणि त्या कार्डाचा पुढे काय झाला, ता, त्यांका म्हण, घराक येवन, समोर बसान सांगा. फोनार माका नीट ऐकाक येणा नाय."

फोन बंद झाला. काका हातात डाव घेऊनच बाहेर आले. "काय म्हणत होती?"

"कार्डाचं पुढचं घरी येऊन सांगा म्हणाल्या. समोर बसून."

"घरी? समोर बसून?" डावातला भात फरशीवर पडला, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हसत हसत त्यांनी उगाचच मडमेचा हार पुन्हा सरळ केला.

"मग महिनाभर कार्ड मिळूच देत नाही इसाबाईला," काका म्हणाले.