दुसरा भाग नामंजूर

आमच्या शेजारचे वसंतकाका टीव्हीवरच्या गेमची कॅसेट लावण्याआधी चपला काढत. मग कॅसेटवर तीन फुंका मारत आणि समोरच्याला पहिला भाग खेळायला बसवत. दुसरा भाग कपाटात, कुलपात.

मी बी.एस्सी. होऊन नेमणुकीच्या हुकमाची वाट पाहत होतो. घरातला पहिलाच पदवीधर. माझे सगळे अर्ज काकांनीच भरून दिलेले, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. मला फक्त एकदा तो दुसरा भाग खेळायचा होता.

काका आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून. तिथे फायलीला मिसल आणि अर्जाला दरखास्त म्हणत. "मिसल पयल्या पानापासून वाचा लागते," मी कपाटाकडे पाहिलं की काका म्हणत. "दरखास्त नामंजूर."

आणि तो पहिला भाग कसा, तर बटण दाबल्यावर त्यातला माणूस आधी विचार करी, मग उडी मारी. एकच सूर पिपाणीसारखा चालू. मेलं की पाळी दुसऱ्याची, आणि सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून.

यावर काकांच्या सूचना. "पयले दहा डाव मराले खेळ. कुठं मेला ते लिहून ठेव." मी लिहीत असे. पदवी घेऊन मी खड्ड्यांची वही ठेवली. "आवाज बंद कर, रेडिओ लाव." रेडिओवर कापसाचे भाव, पडद्यावर माझं मरण. "खड्ड्याच्या दोन विटा आधी बटण दाब. तो आळशी नाही बाबू, तो पयला हाय. पयल्याले समजून घ्या लागते."

महिनाभराने मी शेवटचा पूल ओलांडला. काकांनी किल्ली काढली. ही कॅसेट दिवाळीला काकांच्या मुलाने हैदराबादहून पाठवली होती. तो स्वतः आला नव्हता.

दुसरा भाग सुरेखच होता. रंग, गाणी, बोट टेकताच उडी. मी मेलो, पुन्हा मीच उठलो. पुन्हा मेलो, पुन्हा मीच.

"काका, तुमची पाळी?"

"याच्यात एकटाच खेळते. डबीवर छापेल हाय." दुसरा रिमोट त्यांच्या मांडीवर तसाच होता. "खेळ तू. मी पाहून राह्यलो."

दहा मिनिटं खेळलो. मग ती कॅसेट काढली आणि पहिल्या भागावर तीन फुंका मारल्या.

"काऊन रे?"

"तिसरा खड्डा अजून कच्चाच हाय माझा."

"दोन विटा आधी दाब," म्हणत काका पुढे सरकून बसले.

मी बटण दाबलंच नाही. पाळी त्यांची आली.