साईड बदला!

"आप्पासो काका, बाईमाणसानं हात लावला की मशीन जळतं का वो?"

दुकानातला चहा थांबला! म्हणजे चहा कपातच होता, पिणारी तोंडं थांबली. बाहेर सायकलींच्या आडोशाला पूजा आणि साक्षी एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. "हा प्रश्न विचारून दाखव, महाबळेश्वरच्या सहलीत खिडकी तुझी," असं म्हणून त्यांनीच स्वप्नाला चढवलं होतं. आणि नववीतल्या स्वप्नाला चढवायला लागतं किती! नुकतंच तिनं गॅदरिंगमध्ये माईकसमोर उभं राहून अख्खं आभारप्रदर्शन न अडखळता केलं होतं. तेव्हापासून घाबरण्यासारखं जगात एक गणितच उरलंय, अशी तिची खात्री झाली होती.

रहिमतपुरातलं आप्पासोचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हा पंचक्रोशीतल्या साउंडवाल्यांचा अड्डा. कर्ण्याला आवाज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरला तिथं नुसतं 'मशीन' म्हणायचे. पंचांगात मुहूर्त नसला की सगळे तिथं जमायचे. लोणंदहून नाथाजी यायचा, त्याचा पिढीजात मंडप-स्पीकरचा धंदा. साताऱ्याहून कॉलेजातला कपिल यायचा. त्याला धंदा नव्हता, नुसता नाद होता. मग भज्यांबरोबर एकमेकांना सल्ले वाढले जायचे.

"कॅसेट उनात ठिवू नगा रं," नाथाजी सांगायचा. "परवा ठिवली. सनई अशी वाजली, जनू वाजवनाऱ्याच्या पोटात मुरडाच आलाय!"

"दोन गाण्यांची जोड कळता कामा नये," कपिल म्हणायचा. "शहरात ह्याला डीजे म्हणतात. डी म्हणजे डिस्क, तबकडी."

"तबकड्या आमी कवाच मोडीत घातल्या. आमच्याकडं कॅसेट हाय. मग आमी सीजे!" आप्पासो म्हणायचा, आणि बोट वर करून आपला ठरलेला धडा सांगायचा, "आनि माईक चालू असताना शिंकू बी नगा. सरपंचाचं कोन ऐकत न्हाई, पर कर्ण्यातनं आलं की समदी ऐकत्यात!"

स्वप्ना रेडिओचे सेल आणायच्या निमित्तानं पायरीवर रेंगाळून हे सगळं पिऊन घ्यायची. घरच्या रेडिओला इतके सेल लागायचे, की आईला वाटायचं तो सेल खातो!

आप्पासोनं तिच्या प्रश्नावर डोकं खाजवलं. "मशीनला काय कळतंय पोरी, बाई का बुवा? त्ये फकस्त करंट वळखतंय."

"मग मला बसवा मशीनवर!"

"आगं, मशीनवर बसायचं म्हंजी झोपाळ्यावर बसायचं हाय व्हय?" नाथाजी म्हणाला आणि सगळं दुकान हसलं. कपिल मात्र हसता हसता उठला आणि गळ्यातला जुना हेडफोन काढून त्यानं तिच्या हातात दिला. "तुझं मशीन होईपर्यंत हा ठेव."

"बघू," आप्पासो म्हणाला. एवढंच.

ते 'बघू' स्वप्नानं ओच्यात बांधून आणल्यासारखं घरी आणलं. सांजेला माळवदावर गेली, की उसाच्या पलीकडून कुठल्यातरी गावातला कर्णा ऐकू यायचा. वारा फिरला की गाणं तुटायचं, परत जुळायचं. हा खरखरतोय, म्हणजे नाथाजीचा. हा गोड, म्हणजे आप्पासोचा. ती डोळे मिटून तिथला मांडव बघायची. लाल दिवा लागलेलं मशीन, शेजारी कॅसेटींची पेटी आणि स्टुलावर कुणीतरी बसलेलं, ज्याच्या एका बोटावर अख्खं गाव डोलतंय. तिच्या पोटात भूक लागल्यासारखं व्हायचं, पण ती भूक जेवून जायची नाही.

अडचण एकच. आबा! तिचे वडील सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, तेही सिग्नलमधून. जन्मभर वायरलेसवर बोलल्यामुळं त्यांचं प्रत्येक वाक्य 'ओव्हर'नं संपायचं. वायरलेसवर ओव्हर म्हणजे 'आता तुम्ही बोला'. घरात मात्र त्यांच्या ओव्हरनंतर कुणी बोलायची पद्धत नव्हती.

"स्वप्ना, मशीन को हाथ नहीं लगाने का. ओव्हर!"

आणि मग चुलत बहिणीचं लग्न आलं. काकाच्या दारात मांडव, बाहेर चिंचेवर कर्णा आणि मांडवात साक्षात आप्पासोचं मशीन! पोरी नवरीचे दागिने बघत होत्या, आपली स्वप्ना लाल दिवा बघत होती. गळ्यात कपिलचा हेडफोन. पूजानं विचारलंसुद्धा, "ह्ये कुठल्या सोनाराकडचं गं?"

मुहूर्त तोंडावर आला. नवरा-नवरी पाटावर समोरासमोर उभी राहिली, मधे अंतरपाट धरला गेला, भटजी घड्याळाकडं बघू लागले, आणि मांडवामागचा जनरेटर खोकायला लागला! आप्पासोचा मदतनीस त्याच मुहूर्तावर दुसऱ्या लग्नाला गेलेला. आता आप्पासोलाच तिकडं धावायला हवं होतं. त्यानं चारी दिशांना बघितलं. सकाळपासून टेबलाला चिकटून उभी असलेली एकच व्यक्ती त्याला दिसली.

"पोरी, बस हितं. सनईची एक बाजू संपली की दुसरी लावायची. बाकी कशाला हात न्हाई! आनि माईक तेवढा बंद हाय का बघ."

"त्यात काय काका, डाव्या हातचा मळ!" स्वप्ना म्हणाली आणि स्टुलावर अशी बसली, जणू सिंहासनच!

माईकचा खटका खाली होता. घरोघरी खटका खाली म्हणजे चालू! स्वप्नानं तत्परतेनं तो वर केला. पण मंडळी, आप्पासोनं दुरुस्तीच्या वेळी तो खटका उलटा बसवला होता. त्याच्या मशीनवर वर म्हणजे चालू! हे आप्पासोला माहीत होतं, मी आत्ता तुम्हाला सांगितलं, स्वप्नाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

वायर आखूड असल्यानं टेपडेक मागच्या बाकड्यावर होता. तिथं तिनं पूजा आणि साक्षीला नेमलं, हेडफोन कानावर चढवला आणि त्याची पिन टेपडेकमध्ये खुपसली. आता तिला सनईशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि तोंड बाकड्याकडं असल्यानं मांडव दिसतही नव्हता. कान झाकलेला माणूस ओरडूनच बोलतो, हे वेगळं सांगायला नको.

सनई थांबली.

"साईड बदला! लवकर साईड बदला!"

कर्ण्यातून हुकूम सुटला! नवऱ्याच्या मामानं नवरीच्या मामाकडं बघितलं.

"आवं, साईड बदलायची म्हनत्यात."

"आमच्यात अशी रीत न्हाई."

"आमच्यात बी न्हाई. पर तुमच्या दारात सांगायलेत, म्हंजी तुमच्यातच असंल!"

नवरा तिकडं गेला, नवरी इकडं आली. अंतरपाट धरणारेही तसेच गर्रकन फिरले आणि मधे सापडलेले भटजी विड्यासारखे गुंडाळले गेले!

तिकडं साक्षीनं घाईत कॅसेट उलटी कोंबली.

"उलटी घातली! काढा आनि सरळ घाला!"

जयराज, म्हणजे नवरदेव, दचकून फेटा चाचपायला लागला. मामांनी टोपी फिरवून घातली. एका आजोबांनी तर कोट उतरवून शिवण तपासली!

साक्षीनं सनईची कॅसेट काढून पेटीत टाकली, पण परत उचलताना तिच्या घाबरलेल्या हाताला दुसरीच लागली. ती घातली तर नुसतीच खरखर.

"पुढं पळवा! पळवा, पळवा!"

"कुनाला पळवायलाय रं?" नवरीचे भाऊ बाह्या सारून पाटासमोर उभे राहिले. अंतरपाटातल्या भटजींना वाटलं मुहूर्त टळला. त्यांनी आतूनच मंगलाष्टकं अशी सुरू केली, जणू मालगाडीला एक्सप्रेसचं इंजिन जोडलंय!

त्या ओढाताणीत अंतरपाट खाली घसरला, नवरीला जयराजचं तोंड दिसलं, आणि नेमकी तेव्हाच कर्ण्यातून त्या भलत्या कॅसेटीतली कीटकनाशकाची जाहिरात गरजली, "शेतकरी बंधूंनो, कीड दिसताच बंदोबस्त करा!"

पूजाला आता सगळा प्रकार कळला होता. माईक बंद कर, हे सांगायला तिनं गळ्यावरून बोट फिरवलं. स्वप्नाला वाटलं, ती कॅसेटीबद्दलच बोलतेय.

"व्हय, थांबवा! हे लग्नाचं न्हाईच! हे दुसरंच हाय!"

अक्षता धरलेल्या मुठी खाली आल्या.

"दुसरं?" नवऱ्याची आजी हरणाबाई काठी टेकत उठली. "कुनाचं दुसरं?"

"फसवलं वो आमाला!" नवरीच्या आईनं, म्हणजे स्वप्नाच्या काकूनं, हंबरडा फोडला. "पयलं लपवून ठिवलं!"

"ऑं? तुमच्याच मानसानं सांगितलं न्हवं कर्ण्यातनं! मग पोरीचंच आसंल दुसरं!" हरणाबाईनं काठी आपटली.

स्वप्नानं मान वळवली. अख्खा मांडव तिच्याकडं बघत होता! क्षणभर तिला वाटलं, आपलं काम आवडलं. ती मानेनं नमस्कारसुद्धा करून मोकळी झाली. मग हेडफोन काढला.

"अगं बाई!" ती म्हणाली.

"अगं बाई!" चिंचेवरचा कर्णा म्हणाला.

पळावं? खांबामागून पळता आलं असतं. पण पळालं तर हे स्टूल जन्मात मिळणार नाही. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मंडळी! दुसरं म्हंजी दुसरी कॅसेट! जयराज दाजींचं हे पहिलंच लग्न हाय... आनि शेवटचंच!"

आधी हरणाबाई हसली. मग जयराज हसला, मग तोंडावर पदर धरून नवरी. भटजींना सोडवण्यात आलं. स्वप्नानं तो उलटा खटका ओळखून खाली केला, स्वतः उठून सनईची कॅसेट शोधली, सरळ घातली, कान लावून बसली. शेवटची ओळ... सावधान... आणि अक्षता हवेत उडाल्या तेव्हा सनई अशी उसळली, की काकूच्या डोळ्यांतलं पाणी एकदम जात बदलून खाली आलं. सगळ्या माना एका तालात हलल्या. तिच्या बोटावर!

"गडबड न्हाई न्हवं झाली?" काळंकुट्ट तोंड आणि जनरेटरच्या धडधडीनं बधिर झालेले कान घेऊन आप्पासो परत आला.

"तशी न्हाई..."

आणि ती उठली. उठावंच लागलं. स्टूल अजून तिच्या उबेचं होतं, पण त्यावर आता आप्पासो बसला होता. जिलेबी समोर आली तरी ती लांबून लाल दिव्याकडंच बघत राहिली.

पंगती उठल्यावर आबा-आई तिला शोधत आले. ती टेबलापाशीच होती. आप्पासो मांडवाबाहेर वायरी गुंडाळत होता.

"पूरे गाव ने सुना," आबा म्हणाले. "आता परत मशीनजवळ दिसायचं नाही. ओव्हर!"

"चल पोरी, लई शोभा झाली," आई म्हणाली.

स्वप्ना स्टुलावर चढून उभी राहिली. कर्ण्यातनं आलं की समदी ऐकत्यात! तिनं खटका जाणूनबुजून वर केला, माईक तोंडाशी धरला आणि सगळा जीव गोळा करून गरजली, "मंडळी, मी ठरवलंय!"

चिंच गप्पच. आप्पासोनं जनरेटर केव्हाच बंद केला होता आणि कर्णा टेम्पोत उताणा झोपला होता. ऐकायला समोरची दोनच माणसं होती.

स्वप्ना खाली उतरली. माईक ठेवला.

"आई, आबा," ती आपल्या साध्या आवाजात म्हणाली, "दहावीनंतर मी साताऱ्याला आयटीआयला जाणार, रेडिओ-टीव्हीला. आणि पहिल्यांदा हा खटका सरळ बसवणार... ओव्हर!"