ताशी पंचविसाच्या आत

मोजणीदारांनी चाक मोजायला घेतले तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवण्यापुरतीही जागा उरली नव्हती. एका कडेला कॅलिपर, दुसऱ्या कडेला आलेखाचा कागद आणि मधोमध, जुन्या चादरीवर उताणे पडलेले, वीस इंची काळेभोर अलॉय चाक. त्याची तीन भावंडे भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. अठ्ठावीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलेल्या या गृहस्थांचा माणसांवर विश्वास नव्हता असे नाही. पण माणूस आणि फीत यांच्यात वाद झालाच, तर ते फितीच्या बाजूने उभे राहत.

गाडी त्यांनी निवृत्तीच्या आदल्या वर्षी घेतली होती: लांब नाकाची, रुंद खांद्यांची, आठ सिलिंडरांची. ती सुरू झाली की शेजाऱ्यांची तावदाने थरथरत. तिला उभे राहायला जागा हवी म्हणून पत्नीच्या कार्यशाळेची भिंत पाडावी लागली होती. पत्नी व्हायोलिने दुरुस्त करी. तार केसभर उतरली तरी तिला शेजारच्या खोलीतून कळे. भिंत पडली त्या दिवशी तिने आवाज न चढवता एवढेच सांगितले होते, “या गाडीनं माझी खोली गिळली. आता घरातली आणखी एक वस्तू गिळली, तर गाडी जाईल. मग तोंड पाडून बसायचं नाही.” ती बोलली की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखेच असे, हे मोजणीदारांना तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते.

गाडीच्या त्या देहाला कंपनीची चाके शोभत नव्हती. पैलवानाच्या पायांत बाळाचे बूट चढवावेत तशी ती दिसत, असे मोजणीदारांचे ठाम मत होते. मात्र मत झाले म्हणून चाक बसत नाही. बोल्टांची भोके जुळावी लागतात, मधले भोक हबवर नेमके यावे लागते, आणि चाक किती आत शिरणार व किती बाहेर डोकावणार हे मिलिमीटरपर्यंत ठाऊक असावे लागते. अकरा संच त्यांनी दुकानदारांच्या तोंडावर नापास केले. बारावा, म्हणजे हाच टेबलावरचा, एका वृद्ध विधवेच्या गॅरेजात भिंतीवर टांगलेला सापडला. तो इतका अचूक जुळत होता की त्यांना आधी आनंद झाला आणि मग, का कोण जाणे, भर दुपारी किंचित थंडी वाजली.

चाके दिवंगत यजमानांची होती. बाईंनी काही लपवले नाही. गाडी हळू झाली की चाकातून कुणीतरी दार वाजवते, असे ते म्हणत. अखेर त्यांनी चाके उतरवून टांगली, गाडी विकली, आणि पुढची दोन वर्षे याच गॅरेजात सकाळ-संध्याकाळ काहीतरी शोधत राहिले.

“काय शोधत होते?” मोजणीदारांनी विचारले.

“ते मला कधी सांगितलं नाही. बोटाला पट्टी बांधून वाकून वाकून बघत बसायचे. जखम मेली भरलीच नाही शेवटपर्यंत.”

“आणि तो आवाज? तुम्ही ऐकलात?”

“मला अहो इंजिनसुद्धा ऐकू येत नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर मोजणीदारांच्या हातावर थांबली. “अंगठी छान आहे हो तुमची.”

ती छान होतीच. सासरे सोनार होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी एकाच लगडीतून दोन अंगठ्या स्वतःच्या हाताने घडवल्या होत्या, आणि ते त्यांचे अखेरचे काम ठरले होते.

पत्नी कामासाठी बाहेर गेली असताना मोजणीदारांनी चाके चढवली. नट कोणत्या क्रमाने आवळायचे याचा त्यांनी कागदावर तारा काढला होता. प्रत्येक चाकाच्या मध्यभागी एक गोल टोपी होती: मागे वाटी आणि पुढे आट्यांचे झाकण, एखाद्या बंद डबीसारखी. मागच्या उजव्या चाकाचे झाकण ढिले होते. ते काढून, वाटीत भरपूर ग्रीस भरून त्यांनी ते पक्के बसवले. बाकीची तीन घट्ट होती, म्हणून त्यांना हात लावला नाही. हात ग्रीसने बरबटणार म्हणून अंगठी आधीच काढून सुरक्षित ठिकाणी ठेवली होती. ती इतकी सुरक्षित ठेवली गेली की काम संपल्यावर ती कुठे आहे हे खुद्द ठेवणाऱ्यालाही सांगता येईना.

दोन तास त्यांनी फरशी चाळली. दारात पत्नीची चाहूल लागली तेव्हा त्यांच्या हातांनी, जणू कुणी शिकवून ठेवल्याप्रमाणे, औषधाच्या पेटीतली पट्टी काढून रिकाम्या बोटाला गुंडाळली.

“पान्हा लागला,” ते म्हणाले.

पट्टी बांधून झाल्यावर त्यांना त्या बाईंचे यजमान आठवले, आणि पट्टीखालचे धडधाकट बोट खरोखरच ठणकू लागले.

त्याच दिवशी चार वाजता ते गाडी फिरवून आणायला निघाले. हमरस्त्यावर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. परतताना ते आपल्या गल्लीत वळले. गल्ली निर्मनुष्य होती, उन्हे भिंतींवर चढली होती. वेग उतरत ताशी पंचविसाच्या आत आला.

टक्.

मग काहीतरी घसरत गेल्यासारखी कुजबुज. मग पुन्हा टक्. दार उघडावे म्हणून, पण कुणाला त्रास नको अशा अदबीने, कुणीतरी वाजवत होते. मोजणीदारांनी गाडी थांबवली, आवाज थांबला. खाली उतरून त्यांनी चाकाकडे पाहिले. काळ्या टोपीत त्यांचाच चेहरा दिसला, वाकलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेकॅनिक गाठला. त्याने गाडी हमरस्त्यावर सुसाट नेली, चाके मुकी. चाक यंत्रावर चढवून गरगर फिरवले, चाक मुके. दोन मिनिटे त्याने गाडी वर्कशॉपच्या आवारात हळूही चालवली, पण तिथे हवा भरण्याचा पंप असा कोकलत होता की माणसाला स्वतःचे नाव ऐकू येऊ नये.

“साहेब, गाडीत काही नाही,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “तुम्ही जरा झोप काढा.”

मोजणीदारांनी झोप काढण्याऐवजी वही काढली. आवाज ताशी पंचविसाच्या वर कधीच येत नाही. गल्लीत नेहमी येतो. घराच्या दाराशी सर्वांत स्पष्ट असतो. निष्कर्षाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला, कारण तिथे जे लिहावेसे वाटत होते ते आयुष्यात त्यांनी कुठल्याही नकाशावर लिहिले नव्हते. पत्नीला सांगावे, तर आवाजापाठोपाठ पट्टी निघाली असती, पट्टीपाठोपाठ अंगठी, आणि अंगठीपाठोपाठ गाडी. म्हणून ते गल्लीतून चाळिसाच्या वेगाने जाऊ लागले. समोरच्या शिक्षिकेने त्यांना या वयात शोभत नाही असे सुनावले. तेही त्यांनी मुकाट ऐकून घेतले.

अकराव्या दिवशी सकाळी पत्नी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसली. गल्लीच्या तोंडाशी ती शांतपणे म्हणाली, “सावकाश चला.”

“उशीर होईल.”

“होऊ दे.”

काटा खाली आला. तीस. सत्तावीस. चोवीस. पुढच्या डाव्या बाजूने, अगदी तिच्या पायांजवळ, कुणीतरी दार वाजवले.

मोजणीदारांनी दबकत विचारले, “तुला ऐकू आलं?”

“अकरा दिवस ऐकतेय. खिडकीतून.” तिने डोळे मिटले. “गोल आहे, लहान आहे, मधे पोकळ आहे. धातूच्या डबीत लोळतंय. आणि सोनं आहे; लोखंड इतकं मऊ बोलत नाही. वेग वाढला की कडेला चिकटून गप्प बसतं, एवढंच.”

“म्हणजे तुला...”

“माणसाची जखम अकरा दिवसांत थोडी तरी भरते हो. तुमची पट्टी रोज तेवढीच, आणि अंगठीच्याच जागी. मला फक्त बघायचं होतं, तुम्ही होऊन कधी सांगता.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. खाली बसून त्यांनी त्या चाकाच्या टोपीचे झाकण उघडले, आणि अंगठी तळहातावर पडली तेव्हा भुताच्या भीतीतून सुटलेल्या आणि गाडी गमावण्याच्या भीतीने धरलेल्या त्या माणसाला हसावे की रडावे कळेना. पत्नीने पट्टी ओढून काढली आणि अंगठी त्यांच्या बोटात सरकवली.

ती सैल झाली. बोटाभोवती गरकन फिरून पेरावर थांबली. पत्नीने ती पुन्हा काढली, उन्हात धरली. आतल्या बाजूला एक तारीख कोरलेली होती, त्यांच्या लग्नाच्या एकोणीस वर्षे आधीची.

“ही आपली नाही,” ती हळूच म्हणाली.

मग मोजणीदारांना मागच्या उजव्या चाकाचे ढिले झाकण आठवले, वाटीसारखी ती टोपी आठवली, आणि कुठली वस्तू सुरक्षित ठेवायला वाटीहून सोयीचे काय असते हेही आठवले. ते मागे गेले आणि त्यांनी ते झाकण उघडले. ग्रीसच्या लगद्यात, मधात पडलेल्या माशीसारखी निपचित, सासऱ्यांची अंगठी बसली होती.

“गाडीनं गिळली,” पत्नी म्हणाली. मोजणीदारांनी मान खाली घातली. “पण परत दिली. वर दुसऱ्याचीही दिली. राहू दे गाडी.”

त्याच पावली ते विधवा बाईंकडे गेले. बाईंनी अंगठी हातात घेतली आणि चष्मा लावून तारीख वाचली.

“म्हणजे जखम नव्हतीच,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं मी मलम आणून देत होते, आणि हे मुकाट लावत होते. एवढं कुणी कुणाला भितं का?” त्यांनी पदराने चष्मा पुसला. निरोप घेताना मात्र त्यांना काहीतरी आठवले. “गंमत म्हणजे, यांनी ज्या गृहस्थांकडून चाकं घेतली ना, त्यांच्याही बोटाला पट्टी होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, या चाकांचं काम हाताला लागणारं दिसतंय.”

दोघे परत निघाले. चार टोप्या, दोन उघडल्या. उरलेल्या दोन उघडाव्यात असे आयुष्यभर कोपरा न् कोपरा मोजत आलेल्या त्या माणसाला एकदाही सुचले नाही. गल्लीत गाडी माणसाच्या चालीने आली. काही वाजले नाही. दारात येऊन थांबली. त्यांनी किल्ली फिरवली. शांतता इतकी होती की पेटीतल्या व्हायोलिनची तार ऐकू यावी.

पुढच्या उजव्या बाजूने, एकदाच, अगदी अदबीने: टक्.

मोजणीदारांनी आपल्या अंगठीवर दुसरा हात ठेवला.

“गार होताना धातू वाजतो,” ते म्हणाले.

केसभर उतरलेली तार भिंतीपलीकडून ओळखणाऱ्या त्यांच्या पत्नीने समोर पाहत, आयुष्यात प्रथमच, एका आवाजाबद्दल खोटे सांगितले.

“हो,” ती म्हणाली. “धातूच असेल.”