खेचराचा तंबू

"एक रात्र," दातांनी दोरा तोडत बायको म्हणाली. "फक्त एक रात्र मी तुमच्या त्या गाडीच्या हौद्यात झोपेन. सकाळी अंग कोरडं, डास चावलेला नाही आणि पाठ जागच्या जागी, असं असेल तर गाडी राहील. नाहीतर रविवारी सकाळी माझा भाऊ गिऱ्हाईक घेऊन येतोय. किल्ली त्याच्या हातात ठेवायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," वजनमापे निरीक्षक म्हणाले. ज्यांच्या नुसत्या चपलांचा आवाज ऐकून बाजारातले दुकानदार तराजू पुसायला घेत, त्या निरीक्षकांचा घरातला आवाज एवढाच असे.

गाडी होतीच तशी. पुढून बघितलं तर चार दारांची घरगुती मोटार, आणि मागून बघितलं तर ट्रक. पण ट्रक बनवता बनवता कारखान्यातलं लोखंड संपलं असावं, असा तोकडा हौदा. कंपनीनं थोडी वर्षं ती बनवली, लोकांनी थोडी वर्षं ती घेतली नाही, मग दोघांनीही विषय सोडून दिला. गल्लीत तिला 'खेचर' म्हणत. निरीक्षकांना हे नाव मुळीच आवडत नसे. मात्र थंडीत ती सुरू होत नसली, की आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते तिच्या बॉनेटवर थोपटत आणि हळूच म्हणत, "चल खेचरा, चल राजा."

उभ्या आयुष्यात त्यांनी प्रत्येक वस्तू तोलूनमापून घेतली होती. ही एकच बघताक्षणी घेतली. बायकोनं तेव्हा विचारलं होतं, "हिचा उपयोग काय?" त्या प्रश्नाला घाबरून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तळ्याकाठी जाऊ. तुला उघड्यावर झोपायचं होतं ना?" लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तसं म्हणाली होती खरी. तेव्हा ते 'बघू' म्हणाले होते, आणि मग बघत राहिले होते.

आता बघण्याची मुदत संपली होती.

"कुठली गाडी?" तंबूच्या दुकानातल्या विक्रेत्यानं विचारलं.

निरीक्षकांनी नाव सांगितलं. विक्रेत्याचा चेहरा पडला. घरातलं कोणी गेल्याचं कळावं, तसा त्यानं आवाज खाली आणला. "ती बंद झाली ना हो?"

"बंद कुठं? बाहेर उभी आहे. आत्ताच चालवत आणली."

"म्हणजे मॉडेल बंद झालं."

"मॉडेल झालं. माझी चालू आहे."

"आमच्याकडे तीन मापं येतात, साहेब. आखूड, मध्यम, लांब."

"आखूड द्या."

आखूड तंबू हौद्यावर चढवला. बापाचा सदरा पोराला घालावा, तसा तो चारी बाजूंनी लोंबू लागला. दुसऱ्या कंपनीचा काढला, तर त्याचे पट्टे अडकवायच्या कड्या खेचराला नव्हत्याच. तिसऱ्याला हौद्याच्या कडा सरळ लागत, खेचराच्या कडा पुढं चढत गेलेल्या. तोवर बघ्यांची गर्दी जमली होती. त्यातला एक जण म्हणाला, "काका, साधा जमिनीवरचा तंबू घ्या आणि गाडी शेजारी उभी करा की."

"मग गाडी कशाला हवी?" निरीक्षक चिडून म्हणाले. हाच प्रश्न घरी बायको विचारत होती.

ते गाडीत बसतात तोच मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, गिऱ्हाईक एकदम पक्कं आहे बरं का. त्याच्याकडे हीच गाडी आहे."

"मग दुसरी कशाला हवीय त्याला?"

"सुटे भाग मिळत नाहीत ना कुठं. तुमची खोलून ठेवणार. दारं, काचा, दिवे, सगळं कामाला येईल म्हणाला. काही वाया नाही जायचं, भाऊजी!"

निरीक्षकांनी फोन ठेवला आणि स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. खेचराचे दिवे कोणा परक्याच्या गाडीत लुकलुकताहेत, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. भात कालवायचा सोडून ते त्याचा हौदा करत बसले आणि कडा सरळ करत राहिले.

शेवटी ताडपत्रीवाला धावून आला. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान. ट्रकवरची आच्छादनं शिवण्यात त्याचा हातखंडा. "तंबू काय, साहेब, तुम्ही म्हणाल तर गाडीला झगा शिवून देतो," तो म्हणाला. "मापं तेवढी फोनवर कळवा. शनिवारी दुपारी तयार."

आता माप घ्यायचं. निरीक्षकांच्या पिशवीत कार्यालयाची पोलादी टेप होती, शिक्क्यासकट. पण सरकारी टेप खासगी कामाला लावायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बायकोची टेप मागितली.

बायको घरी शाळेची दप्तरं शिवायची. तिची ती पिवळी टेप घरातलं जुनं माणूस होती. एकदा इस्त्रीखाली सापडून तिचा सुरुवातीचा चार इंचांचा तुकडा जळाला, तेव्हा बायकोनं तो कात्रीनं कापून टाकला आणि टेप तशीच वापरत राहिली. नवी आणायची वेळ कधी आली नाही, कारण टेपेवर दिसेल त्यातून चार वजा करायचे, हे घरात पोराटोरांनाही पाठ होतं. परवा तर दुसऱ्या शहरात नोकरी करणारी लेक फोनवर खिडकीचं माप सांगताना सवयीनं विचारत होती, "आई, वजा करून सांगू की तसंच?" बाजारभर खोटी मापं जप्त करत हिंडणाऱ्या माणसाच्या घरात ही टेप सुखानं नांदत होती, आणि इतक्या वर्षांत त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

निरीक्षक हौद्यात गुडघ्यांवर बसले. लांबी घेतली. पुन्हा घेतली. चार वजा केले, पुन्हा जोडून पाहिले, पुन्हा वजा केले. कपाळावर घाम आला होता. मग खिडकीकडे तोंड करून ओरडले, "लांबी लिही गं!"

आत बायकोचं मशीन चालू होतं. मानेत फोन धरून ती ताडपत्रीवाल्याशी बोलत होती. "हं, सांगा!"

त्यांनी आकडा सांगितला.

"एक मिनिट हं, भाऊ," ती फोनमध्ये म्हणाली, क्षणभर आढ्याकडे बघितलं, आणि मग त्याला लांबी सांगितली. तशीच रुंदी, तशीच उंची.

"नीट सांगितलंस ना?" निरीक्षकांनी हौद्यातून विचारलं.

"नाहीतर काय, आज पहिल्यांदा मापं सांगतेय मी?"

शनिवारी दुपारी तंबू आला. हिरवागार, जाड, दणकट. निरीक्षकांनी तो खेचरावर चढवला. पुढची कड बसवली की मागची हौद्याच्या मागच्या झडपेपर्यंत, फाळक्यापर्यंत पोचेना. मागची ओढली की पुढची सुटे. कमानी आत शिरेनात. चेन लावायला गेले, तर दोन्ही बाजू एकमेकींकडे तोंड करून रुसल्यासारख्या, मध्ये वीतभर फट.

"डासांसाठी ठेवलंय का हे दार?" बायकोनं विचारलं.

निरीक्षकांनी पिशवीतून पोलादी टेप काढली आणि तंबू मोजला. लांबीत चार इंच कमी. रुंदीत चार. उंचीत चार. त्यांचा चेहरा उजळला. गेले आठ दिवस घाबरून घाबरून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि आता समोर काय आलं होतं, तर मापातली लबाडी! हे त्यांचं अंगण होतं. आता हे काम खासगी राहिलं नव्हतं. त्यांनी शर्टाची बटणं लावली, तंबू खांद्यावर टाकला आणि निघाले.

"कापड मारलंस!" ताडपत्रीवाल्याच्या दुकानात शिरताच ते गरजले. तीन गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. "तुझी टेप दाखव."

"दाखवतो की." ताडपत्रीवाल्यानं शांतपणे खिडकीच्या गजावरची टेप काढून दिली. निरीक्षकांनी ती आपल्या टेपेला लावली. रेघेला रेघ. उलटी करून लावली. रेघेला रेघ.

"मागं शिक्का आहे, साहेब," ताडपत्रीवाला म्हणाला. "चष्मा लावून बघा. कोणाचा आहे?"

शिक्का याच वर्षीचा होता. खाली सही होती. सहीतला शेवटचा फराटा निरीक्षक स्वतः मारत, तसाच होता. एक गिऱ्हाईक खोकलं. खोकला खरा वाटला नाही.

"आणि ही मापं," ताडपत्रीवाल्यानं भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "वहिनींनी सांगितली, तशीच्या तशी."

निरीक्षकांनी आकडे वाचले. ते त्यांचे नव्हते. ते त्यांचेच होते, पण प्रत्येकातून चार...

"टेप बरोबर आहे," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "शाब्बास. अशीच ठेव. हा तंबू आज वाढवून मिळेल?"

"सोमवारी, साहेब. मशीनवर ट्रकाचं काम चढलंय."

सोमवारपर्यंत खेचराचे दिवे निघालेले असणार होते.

घरी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. "अगं, तू वजा केलेस?"

"केले की. माझ्या टेपनं मोजलंत ना?"

"पण मी वजा करून सांगितलं होतं!"

मशीन थांबलं. "तुम्ही? तुम्ही कधीपासून वजा करायला लागलात?"

"माझं कामच आहे ते!"

"अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही जे जे सांगता, त्यातून मीच थोडं वजा करत आलेय. 'पाच मिनिटांत येतो' म्हणता तेव्हा, 'मला मुळीच ताप नाही' म्हणता तेव्हा. तुम्ही स्वतःच करून ठेवलंत, तर मला सांगायला नको?"

निरीक्षक मटकन खुर्चीत बसले. तंबू मांडीवर होता. "असू दे," ते म्हणाले. "उद्या देऊन टाकू गाडी. दारं तरी कोणाच्या कामाला येतील." एवढंच बोलून ते दुसरीकडे बघू लागले, आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मग दप्तरांच्या निळ्या कापडाचं ठाण ओढलं, मशीनला जाड सुई लावली आणि कात्री उचलली. "आणा इकडे तो तंबू."

"अगं, कापू नकोस! नवा आहे!"

"तोंड फिरवून बसा, नाहीतर बाहेर जा."

ते दोन्ही करू शकले नाहीत. कात्री कोऱ्या तंबूतून आरपार गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचंच पोट धरलं. पण दिवेलागणीपर्यंत तंबूला लांबीत, रुंदीत, उंचीत निळ्या पट्ट्या बसल्या होत्या, दुहेरी शिवणीच्या, पाणी न झिरपणाऱ्या. हाताच्या सवयीनं तिनं बाहेरून एक खिसाही लावला होता, आणि त्यावर नाव लिहायची पांढरी चौकट. खेचरावर चढवल्यावर तंबू असा बसला, की बोट शिरायला जागा नाही. चेन पहिल्या झटक्यात लागली.

तळ्यावर जायला उशीर झाला होता. खेचर घराच्या कुंपणाला लावलं आणि तिथंच गादी घातली.

सकाळी मेव्हणा आला तेव्हा निरीक्षक फाटकाशी उभे होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. कापडाला हात लावून लावून ओल चाचपण्यात आणि डासांची चाहूल घेण्यात त्यांची रात्र गेली होती. मेव्हण्यामागं एक उंच, शिडशिडीत माणूस होता, हातात पान्यांची पेटी. पेटी बघून निरीक्षक फाटकाच्या मधोमध सरकले.

"भाऊजी, हे गिऱ्हाईक. गाडी उघडा बघू."

"आत्ता नाही उघडता येणार."

"का?"

"आत तुझी ताई झोपलीय."

"ताई?" मेव्हण्यानं घड्याळ बघितलं, मग उन्हाकडे बघितलं. "ताई झोपलीय? या वेळेला? बरी आहे ना? ती तर कोंबड्याला उठवते!"

"मलाही तीच काळजी लागलीय," निरीक्षक कुजबुजले. "हाक मारू की नको, कळत नाहीये."

तिघं तंबूकडे बघत उभे राहिले. आतून एक संथ, सुखी घोरणं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं ते थांबलं. चेन खाली आली. विस्कटलेल्या केसांचं डोकं बाहेर आलं आणि त्यानं मोठ्ठी जांभई दिली.

"पाठ?" निरीक्षकांनी विचारलं.

तिनं इकडून तिकडून पाठ वळवून बघितली. "आहे जागेवर."

"डास?"

"बाहेर असतील. मला नाही भेटले. अहो, चहा ठेवलाय की नाही? आणि पुढच्या शनिवारी तळ्यावर जायचंय. 'बघू' म्हणायचं नाही."

निरीक्षकांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि जोरजोरात मान हलवली. मग मेव्हण्याकडे वळून, बाजारातल्या आवाजात म्हणाले, "गाडी विकायची नाही."

पण गिऱ्हाईक ऐकतच नव्हतं. पेटी खाली ठेवून ते खेचराभोवती फिरत होतं. निळ्या पट्ट्यांवरून हात फिरवत होतं, फाळक्याशी वाकत होतं, खिशात हात घालून बघत होतं. "कुठं मिळाला हा?" तो माणूस म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापत होता. "अहो, मी किती दुकानं पालथी घातली! आमच्या गाडीला कुणी तंबूच देत नाही. आमची ही म्हणते, एक रात्र नीट झोपायला मिळालं तर गाडी ठेवा, नाहीतर विकून टाका."

निरीक्षकांनी त्याच्याकडे बघितलं. मग पुढं होऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"मला शिवून द्याल, ताई?" तो म्हणाला. "गाडी कोपऱ्यावरच लावलीय."

"देईन की. माप घ्यावं लागेल पण. गाड्या सारख्या असल्या, तरी पोचे सारखे नसतात." ती हौद्यातून उतरली, आत गेली आणि पिवळी टेप घेऊन आली.

मेव्हणा टेपेकडे बघून दचकला. "भाऊजी, हिचं टोक तुटलंय. तुम्ही हे असलं माप चालवून घेता?"

निरीक्षकांचा हात पोलादी टेपेच्या पिशवीकडे गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी बायकोच्या हातून पिवळी टेप घेतली आणि कोपऱ्याच्या दिशेनं चालू लागले.

"मोठ्यानं वाचा हं," मागून ती म्हणाली. "टेपेवर असेल तेवढंच. वजा मी करणार."